पोरांना सांगा, चाकं कोणी थांबवली!



आपली पोरं शाळेत इतिहास शिकतात. अमुक साली अमुक देश स्वतंत्र झाला, अमुक पुढारी होता, जुना झेंडा उतरला, नवा चढला. पोर घडाघडा पाठ म्हणून दाखवतं. पण त्याला विचारा, "बाळा, साहेबाकडं तोफा होत्या, पलटणी होत्या, तुरुंग होते. मग तो गेला कशानं?" पोर गप्प बसतं. पुस्तकातल्या चार ओळींत ते मावलेलंच नसतं.

ते आपण सांगायचं. आम्ही तिसरी-चौथी शिकलेली माणसं काय सांगणार, असं कोणी म्हणू नये. महागाई म्हणजे काय, संप म्हणजे काय, हे ज्यानं अंगावर घेतलंय त्याला हा इतिहास लवकर उमगतो. नमुन्याला एकच देश घेऊ. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा घाना.

इंग्रज त्याला गोल्ड कोस्ट म्हणत, म्हणजे सोन्याचा किनारा. जे न्यायचं त्याचंच नाव मुलखाला! पुढं सोन्याच्या जोडीला कोको आला. पोराच्या हातात चॉकलेट असेल तर विचारा, हे कशाचं? कोकोच्या बियांचं. त्या काळी जगात सगळ्यांत जास्त कोको या मुलखात पिकत होता. पिकवणारा तिथला शेतकरी, आणि भाव ठरवणारी परदेशी कंपनी. १९३७ साली कंपन्यांनी आपसात एकी करून भाव पाडला. शेतकऱ्यांनीही एकी केली आणि कोको विकायचंच बंद केलं. महिनोन् महिने माल अडवून धरला. पोराला सांगा, स्वातंत्र्याचा पहिला धडा हा. आपल्या हातातला माल आपण अडवू शकतो.

मग महायुद्ध आलं. गोल्ड कोस्टचे जवान इंग्रजांसाठी ब्रह्मदेशाच्या जंगलात लढले. आपल्याकडचेही जवान तिथंच लढत होते. परत आले तर काम नाही, दिलेली वचनं हवेत, आणि बाजारात आग लागलेली. १९४८ च्या जानेवारीत नी क्वाबेना बोन्ने या गावप्रमुखानं हाक दिली की परदेशी दुकानातला माल घेऊ नका. बाया-माणसांनी महिनाभर बहिष्कार पाळला. तो मागं घ्यायचा दिवस होता २८ फेब्रुवारी. त्याच दिवशी माजी सैनिक अर्ज घेऊन गव्हर्नरच्या किल्ल्याकडं निघाले. हातात शस्त्र नाही. वाटेत पोलिसांनी गोळ्या घातल्या. तीन सैनिक ठार झाले. ज्या सरकारासाठी लढले त्याच्याच गोळीनं मेले! अक्रा शहर पेटलं.

तेव्हा क्वामे एन्क्रुमा पुढं आले. १९४९ च्या जूनमध्ये त्यांनी पक्ष काढला. स्वराज्य हवं आणि आत्ता हवं, ही त्यांची मागणी. गांधीजींच्या मार्गाचा त्यांनी अभ्यास केला होता. १९५० च्या जानेवारीत त्यांनी देशभर सत्याग्रहाची हाक दिली आणि कामगार संघटनांनी सार्वत्रिक संप केला. आगगाडीची चाकं थांबली, बाजार ओस पडले. सरकारनं आणीबाणी पुकारली. एन्क्रुमा तुरुंगात गेले, कामगार पुढारी तुरुंगात गेले, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. पण १९५१ च्या निवडणुकीत लोकांनी तुरुंगातल्या माणसाला निवडून दिलं! गव्हर्नरला त्यांना सोडावं लागलं. पुढं सहा वर्षांनी, ६ मार्च १९५७ ला, घाना स्वतंत्र झाला. पुस्तकात आहे ती एवढी तारीख. तिच्यामागं अडवलेला कोको आहे, बहिष्कार आहे, सैनिकांचं रक्त आहे, थांबलेली आगगाडी आहे.

इथं गोष्ट संपवावी असं वाटेल. संपवू नका. पुढचं सांगायला जड जातं, तरी सांगा. १९६१ साली घानाच्या सरकारनं अंदाजपत्रकात सक्तीची बचत लावली. मजुराच्या पगारातून पैसे कापायचं ठरलं. सप्टेंबरात सेकोंडी-ताकोराडीच्या आगगाडीच्या आणि बंदराच्या कामगारांनी पुन्हा संप केला. या वेळी संप मोडणारं सरकार आपलंच होतं. खटला न चालवता डांबून ठेवण्याचा कायदा १९५८ मध्येच झाला होता. संपाच्या पुढाऱ्यांना त्याच कायद्यानं उचललं.

म्हणजे स्वातंत्र्य खोटं होतं का? मुळीच नाही. साहेब जायलाच हवा होता. पण पोराला हे कळू द्या की झेंडा बदलला म्हणून भाकरीचा भाव आपोआप उतरत नाही. राज्य आपलं झालं तरी हिशेब मागावा लागतो. अर्धीच गोष्ट ऐकलेलं पोर मोठेपणी पुढाऱ्याच्या पाया पडेल. पुरी गोष्ट ऐकलेलं पोर पुढाऱ्याला मान देईल आणि प्रश्नही विचारील.

घानाची गोष्ट झाली की आपल्या मुंबईची सांगा. १९०८ च्या जुलैत लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा इथल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळला, लष्कराच्या गोळ्या खाल्ल्या. मेले त्यांची नावं किती जणांना ठाऊक आहेत?

बंधूंनो, येत्या सुट्टीच्या दिवशी पोरांना जवळ बसवा. पोरीलाही बसवा, तिला चुलीकडं धाडू नका. जमिनीवर खडूनं नकाशा काढा आणि कोणत्याही देशाबद्दल चारच प्रश्न शिकवा. माल कोणाचा होता? भाव कोण ठरवत होतं? चाकं कोणी थांबवली? आणि राज्य आल्यावर त्या चाकं थांबवणाऱ्यांचं काय झालं? चौथ्या प्रश्नाचं उत्तर जो शोधील, त्याला कोणताही राजा, गोरा असो की काळा, सहजासहजी फसवू शकणार नाही.