जॅमबोर्ड बंद झाला, पुढचा फळा कसा निवडायचा?

(नाशिकमधील प्रौढ शिक्षण वर्गांच्या स्वयंसेवकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकांमध्ये सहसा मोठे विषय असतात. संविधान, घरातली समता, मुलींचं शिक्षण. आज मी एका अ‍ॅपवर बोलणार आहे, तेही बंद पडलेल्या. काहींना हे किरकोळ वाटेल. पण काठड्यात, बागवानपुऱ्यात, वडाळा गावात जे वर्ग घेतात त्यांना विचारा. गेल्या वर्षभरात त्यांनी सर्वांत जास्त चर्चा याच गोष्टीवर केली आहे.

जॅमबोर्ड म्हणजे काय, हे नव्या स्वयंसेवकांसाठी थोडक्यात सांगते. गूगलनं 2016 मध्ये जाहीर केलेला जॅमबोर्ड हा मुळात 55 इंची पडद्याचा इलेक्ट्रॉनिक फळा होता. किंमत जवळपास पाच हजार डॉलर. कंपन्यांच्या बैठकांसाठी केलेलं यंत्र, तुम्हीआम्ही ते कधी पाहिलंही नाही. त्याच्यासोबतचं अ‍ॅप मात्र फुकट होतं. 2020 च्या टाळेबंदीत जगभरच्या शिक्षकांनी ते उचललं, तसं आपणही उचललं. फोनच्या पडद्यावर एक पांढरं पान, त्यावर सगळ्यांनी एकाच वेळी बोटानं लिहायचं, रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या, बस्स. सप्टेंबर 2023 मध्ये गूगलनं कळवलं की हे बंद होणार. 1 ऑक्टोबर 2024 पासून पानं फक्त पाहता येऊ लागली आणि 31 डिसेंबर 2024 ला सगळंच थांबलं. वर्षभर आधी सांगितलं होतं, पानांची पीडीएफ करून घ्यायची सोय होती, आपण ती करून घेतली. त्यामुळे तक्रार नाही. जुनी पानं आपल्याकडे आहेत. नवीन लिहायला जागा कुठली, एवढाच प्रश्न होता.

ती जागा नेमकी कशासाठी लागत होती, हे आधी नीट समजून घेऊ. ते कळलं नाही, तर जाहिरातीत दिसेल ते अ‍ॅप आपण उचलू.

पहिली गोष्ट पुसण्याची. पन्नाशीतल्या एक खाला वर्गाला यायच्या, पण वहीला हात लावायच्या नाहीत. कारण महिन्याभरानं कळलं. वही घरी जाते, नातवंडं उघडतात, वाकडा अलिफ नि वाकडा अ बघून हसतात. पडद्यावर बोट ठेवायच्या आधी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आपा, मिटता है ना?" मिटतं म्हटल्यावर त्यांनी अर्धा तास लिहिलं. आपल्या आज्यांच्या मदरशात लाकडी तख्ती असायची. मुलतानी माती फासायची, बोरूनं लिहायचं, धुवायचं, पुन्हा माती फासायची. पाटीचंही तेच. शिकणाऱ्याला चूक लपवायचा हक्क असतो, हे त्या पिढ्यांना ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. जॅमबोर्डवरच्या चिठ्ठीवर नाव उमटत नसे. चिठ्ठी बघून कुणी लिहिलं ते शिक्षिकेलाही कळत नसे. ऑफिसात ही उणीव ठरेल, आपल्या वर्गात तो सर्वांत मोठा गुण होता.

जुलै 2024 ची गोष्ट सांगते. 10 जुलैला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की घटस्फोटित मुस्लीम स्त्रीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली पोटगी मागता येते. बातमी टीव्हीवर होती, म्हणून त्या आठवड्याच्या वर्गात आम्ही वाचनासाठी 'पोटगी' हा शब्द घेतला. प-ला ओकार, ट, ग-ला दीर्घ वेलांटी. शब्द वाचून झाला, कुणी काही विचारलं नाही. मग पानावर एक पिवळी चिठ्ठी आली. अक्षरं तुटक, शब्द चार: "इद्दत के बाद भी?" मी उत्तर दिलं, की हो, इद्दतीनंतरही. 1986 च्या कायद्यानं हा मुद्दा इद्दतीच्या काळापुरता आखडला असं मानलं जात होतं. 2001 मध्ये दानियाल लतीफी खटल्यात न्यायालयानं सांगितलं की पुढच्या आयुष्याची तरतूदही नवऱ्यानं इद्दतीच्या काळातच करून द्यायची आहे. आणि आता, जिनं दुसरं लग्न केलेलं नाही आणि जिला स्वतःचा निर्वाह करता येत नाही, तिला सर्वसाधारण कायद्याचा दरवाजाही उघडा आहे. तेच कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 क्रमांकाचं आहे. माझं बोलणं संपायच्या आत आणखी दोन चिठ्ठ्या आल्या. त्या मी इथे सांगणार नाही. पहिली चिठ्ठी कुणाची होती, हे मला आजही माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही.

ज्या बाईला चार शब्द लिहिता येऊ लागले, तिनं ते चार शब्द यासाठी वापरले. साक्षरतेच्या पुस्तकात 'कमळ' आणि 'गवत' असतं. बायकांच्या डोक्यात दुसरंच असतं.

म्हणून, "एवढं कशाला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे की," असं कुणी म्हटलं की मी अडते. ग्रुपवर नाव दिसतं, नंबर दिसतो. आणि आपल्या निम्म्याहून जास्त घरांत फोन बाईचा नसतो, घराचा असतो. सकाळी नवऱ्याच्या खिशात, दुपारी मुलाच्या हातात, रात्री दहानंतर तिच्याकडे. तिनं ग्रुपवर विचारलेला प्रश्न तिच्याआधी तिघे वाचतात. निरोप द्यायला व्हॉट्सअ‍ॅप उत्तम आहे. प्रश्न विचारायला नाही.

आता पर्याय. गूगलनं स्वतः तीन नावं सुचवली होती: फिगजॅम, ल्युसिडस्पार्क आणि मिरो. तिन्ही आपण वापरून पाहिली, पॅडलेटही पाहिलं. चांगली आहेत, जॅमबोर्डपेक्षा कितीतरी जास्त करतात. अडचण तिथेच आहे. फळा तयार करायला ती खातं मागतात, खात्याला ईमेल आणि पासवर्ड. मिरो, ल्युसिडस्पार्क आणि पॅडलेट फुकटात तीनच फळे देतात, आपल्याला तर दर आठवड्याला नवा लागतो. फिगजॅम शिक्षकांना फुकट मिळतं, पण तुम्ही शिक्षणसंस्थेत आहात हे दाखवावं लागतं. मशिदीमागच्या खोलीत भरणारा वर्ग ही कुठली संस्था म्हणून दाखवायची? काही तरुण साथींचं म्हणणं होतं की वर्गणी काढून पैसे भरून घेऊ. माझं मत स्पष्ट विरोधात होतं आणि आहे. तो पैसा बायकांच्या रिचार्जला जाऊ द्या.

शेवटी आम्ही ठरवलं की अ‍ॅपची वैशिष्ट्यं वाचायचीच नाहीत. वर्गातला सर्वांत जुना, काच तडकलेला फोन घ्यायचा आणि त्यावर बघायचं: उघडतं का, नाव विचारतं का, आणि लिहिलेलं त्याच दिवशी बाहेर काढून आपल्याकडे ठेवता येतं का.

या कसोटीवर एक्सकॅलिड्रॉ टिकलं. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड खुला आहे. उद्या एकानं बंद केलं तर दुसरा कुणी चालवू शकतो. खातं लागत नाही. शिक्षिका फळा उघडते, दुवा पाठवते, बायका ब्राउझरमध्ये उघडतात आणि लिहायला लागतात. (मराठीत लिंकला दुवा म्हणतात हे वर्गात सांगून बघा. "दुवा भेजी है" म्हटलं की दोघीतिघी तरी आमीन म्हणतात.) भाषांच्या यादीत मराठी आहे. नाव घालायची सक्ती नाही आणि लिहिलेल्यावर नाव चिकटत नाही.

त्याच्या खोड्याही सांगते, म्हणजे वर्गात गोंधळ होणार नाही. याचं पान अमर्याद आहे. बोट घसरलं की लिहिलेलं पडद्याबाहेर जातं, आणि नवशिकी बाई समजते की आपल्या हातून काहीतरी मोडलं. यावर वडाळ्याच्या वर्गानं काढलेला उपाय चांगला आहे. प्रत्येकीसाठी आधीच मोठी चौकट आखायची आणि कुलूप लावून ठेवायची, म्हणजे ती हलत नाही. चौकटीवर नाव लिहायचं नाही, चित्र काढायचं: कंदील, मासा, छत्री. दुसरी खोडी अशी की फळा तुमच्या ब्राउझरमध्ये राहतो. ब्राउझर साफ केला की गेला. म्हणून वर्ग संपताना फाइल आणि चित्र दोन्ही उतरवून घ्यायचं. हे उद्यावर टाकायचं नाही.

उर्दूबद्दल दोन शब्द. टंकलेली उर्दू ओळ नीट उमटते, पण तिच्यात मराठी शब्द आणि आकडे घातले की उजवं-डावं एकमेकांत घुसतं. तिथे बोटानंच लिहावं. आणि एक गोष्ट जाता जाता. फोनवर उर्दू बहुतेक वेळा नस्ख वळणात दिसते, उर्दू पुस्तकांच्या नस्तालीकमध्ये नाही. उर्दूचे शिक्षक यावर नाराज असतात. पण आपल्या वर्गातल्या कितीतरी बायकांनी लहानपणी कुरआनचा नाज़रा केलेला असतो. अर्थ कळत नसला तरी नस्ख अक्षरं त्यांना ओळखू येतात. सरकारी नोंदीत त्या निरक्षर आहेत. फोनवर 'किताब' हा शब्द बघून अशा एका भाभी म्हणाल्या, हे तर मला येतं. त्यांच्या हाताला पहिल्या अक्षरापासून सुरुवात करायला लावू नका.

मात्र सगळं पडद्यावर नेऊ नका, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते. 'उल्लास' योजनेची चाचणी कागदावर होते. 150 गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी 50. तिथे पेन धरावं लागतं. काचेवर बोट फिरवणं आणि कागदावर पेन दाबणं यांत फरक आहे. बोटानं सुंदर सही करणाऱ्या बाईचं पेन बँकेत थरथरतं, हे तुम्ही पाहिलंच असेल. म्हणून वर्गातला निम्मा वेळ पाटी नि वही. आणि चिठ्ठ्यांसाठी बिस्किटाचा पत्र्याचा डबा, झाकणाला फट पाडलेला. सगळ्यांना एकाच मापाचे कागद, एकाच रंगाची पेन्सिल, आणि प्रत्येकीनं कागद टाकायचाच, कोरा असला तरी. नाहीतर जी उठते तिच्याकडे सगळ्या बघतात. पडदा उरला तो ज्या येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी: बाळंतीण, सासूला सांभाळणारी, माहेरी मालेगावला गेलेली.

ज्यांना वाटतं की अ‍ॅप बंद पडतात म्हणून सरकारी योजनेवरच विसंबावं, त्यांनी तारखा बघाव्यात. राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम 1978 चा, राष्ट्रीय साक्षरता मिशन 1988 चं. साक्षर भारत 2009 मध्ये आलं आणि 2018 मध्ये थांबलं. आताच्या योजनेची मुदत 2022 ते 2027. म्हणजे योजनांनाही शेवटची तारीख असते. 1855 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली तेव्हापासून हे काम कुणी ना कुणी नव्यानं मांडत आलं आहे. आपल्या वर्गात बायका अजूनही "आपा, जॅम लगाव" म्हणतात. म्हणू द्यात. फळा बदलला तरी त्यांची सवय मोडायची गरज नाही.

शेवटची गोष्ट जुन्या पानांची. ती छापून त्या त्या वर्गात ठेवली आहेत. देणगीदारांना दाखवायला त्यातली चिठ्ठी फेसबुकवर टाकावी असा मोह होईल. टाकायची नाही. नाव नसलं तरी अक्षर असतं, आणि गल्लीत अक्षर ओळखलं जातं. जिची चौकट ओळखू येते, तिचं पान तिला परत द्या.

आता फोन बाहेर काढा. दुवा ग्रुपवर टाकला आहे. पंधरा चौकटी आखून ठेवल्या आहेत, कुठलीही घ्या आणि बोटानं काहीही लिहा. ज्यांच्या फोनवर उघडत नाही त्यांनी पुढे या, आधी तुमचेच फोन बघते.