व्याज कशावर लावलंय?

मी पुण्यात कोड लिहितो. हिंगणघाटला घरी आलो, की रविवारी आईच्या बचत गटात हिशोब शिकवायला बसतो. पहिल्या वेळी लॅपटॉपवर स्लाईड्स नेल्या: चक्रवाढ, महागाई, सगळं. बायका गप्प. मग एक काकू म्हणाल्या, "बाबू, हे राहू दे. माझं कर्ज सांग."

बाहेरून घेतलेले १०,००० रुपये, महिन्याला १,००० चे १२ हप्ते. "व्याज २० टक्के" सांगितलेलं. आम्ही वहीत मांडलं. मुद्दल दर महिन्याला कमी होतंय, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १०,००० वर! खरा दर निघाला वर्षाला ३५ टक्क्यांच्या आसपास. गटात उरलेल्या मुद्दलावर महिना २ टक्के, म्हणजे वर्षाला २४. शिवाय ते व्याज गटातच राहतं.

काकू हळूच म्हणाल्या, "हे आधी कोणी का नाही सांगितलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याच फोनचा ईएमआय मी कधी असा मांडला नव्हता, बीटेक असून!

तर आज घरी विचारा: कर्ज किती, हप्ते किती, व्याज कशावर? वही घ्या, सोबत बसा. स्लाईड्स नकोत.