बालकाच्या हृदयाची शस्त्रक्रिया : वेळेचे महत्त्व



दर हजार नवजात बालकांपैकी सुमारे आठ बालकांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. यांतील पुष्कळ दोष आज शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. मात्र शस्त्रक्रियेचे यश केवळ शल्यचिकित्सकाच्या हातात नसते. बालक त्याच्यापर्यंत कोणत्या वयात आणि कोणत्या अवस्थेत पोहोचते, यावरही ते अवलंबून असते.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असणे, हा नेहमी आढळणारा दोष घ्या. छिद्र लहान असेल तर ते पुष्कळदा आपोआप बुजते. तेथे नियमित तपासणी पुरेशी ठरते. मोठ्या छिद्रातून मात्र फुफ्फुसांकडे गरजेपेक्षा अधिक रक्त लोटले जाते. बाळ दूध पिताना दमते, कपाळावर घाम येतो, वारंवार न्यूमोनिया होतो, वजन वाढत नाही. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "बाळ अंगाने जरा भरू दे, मग ऑपरेशनचे पाहू." हे मायेपोटीच म्हटले जाते, परंतु वजन न वाढण्याचे कारण बहुधा ते छिद्रच असते. वाट पाहता पाहता फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड होतात, त्यांतील दाब कायमचा वाढतो, आणि एका मर्यादेपलीकडे छिद्र बंद करणेच जिवावर बेतते. म्हणून असे मोठे छिद्र सामान्यतः पहिल्या वर्षातच बंद करतात. हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झाली असेल, तर हाती जेमतेम काही आठवडे असतात.

अपुऱ्या दिवसांचा जन्म, फार कमी वजन, इतर अवयवांतील दोष यांमुळे शस्त्रक्रियेची जोखीम वाढते. त्यावर आपला फारसा इलाज नसतो. शस्त्रक्रियेपूर्वीचा संसर्ग आणि कुपोषण मात्र बऱ्याच अंशी टाळता येतात. थोडे थोडे दूध वरचेवर पाजा, लसी चुकवू नका, आणि नवजात बाळाला दूरच्या रुग्णालयात नेताना वाटेत ऊब राहील असे पाहा. ओठ वा जीभ निळसर दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठा.

खर्चाच्या चिंतेने थांबू नका. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. जन्मजात हृदयदोषाच्या मोफत उपचारांची, शस्त्रक्रियेसह, त्यात तरतूद आहे. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी किंवा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करावी.

शस्त्रक्रियेनंतरही तपासण्या चालू ठेवा. दातांची निगा राखा. किडक्या दातांतील जंतू रक्तावाटे हृदयापर्यंत पोहोचू शकतात. दात काढण्यापूर्वी हृदयाच्या शस्त्रक्रियेची माहिती दंतवैद्यांना अवश्य द्या, आणि रुग्णालयातून मिळालेली कागदपत्रे सोबत न्या.