बोटांची आठवण

आपला गोंदिया जिल्हा भाताचा, तसाच तेंदूपत्त्याचा आणि विडीचाही. विडी वळणारी बोटे पाहिली की मला सर्वो मोटर आठवते. या छोट्या मोटरीला नियंत्रक सेकंदाला साधारण ५० विजेचे ठोके पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला की तिचा दांडा मधोमध थांबतो. कमी-जास्त केला की इकडे-तिकडे वळतो. किती वळायचे, किती वेगाने, कुठे थांबायचे, हा क्रम नियंत्रकाच्या कायम स्मृतीत साठवता येतो. वीज जाऊन परत आली तरी तो पुसला जात नाही.

विडी वळणाऱ्या बाईचाही क्रम ठरलेला: पान भिजवणे, कापणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा बांधणे. पण कोरडे पान चिरणार, हे तिच्या बोटांना आधीच कळते. मोटरीला कळतो तो फक्त कोन; पानाची पारख हवी तर वेगळा संवेदक जोडावा लागतो.

मजुरी मात्र मोजतात हजार विड्यांवर. त्या पारखीचे मोल कोण धरतो? यंत्राला क्रम शिकवण्याआधी कुणीतरी त्या बोटांजवळ बसून हे विचारावे, एवढेच माझे मागणे.