चुना, डोळा आणि पेशींचे संवर्धन
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंतच शिकलेले; नेत्रवैद्यकावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु पनवेलात शिक्षकी करीत असता घडलेली एक गोष्ट आम्हांस आजवर छळीत आली आहे. मधल्या सुटीत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात पानाच्या चुन्याची पुडी फुटली. आम्ही रुमालाने डोळा पुसला आणि वडिलांना निरोप धाडला. पाण्याचा माठ दोन हातांवर होता! ते पाणी त्याच क्षणी डोळ्यावर ओतीत राहावयाचे असते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. डोळा गेला. पुढे नेत्रदानातून मिळालेले पारपटल, म्हणजे बुबुळावरील काचेसारखा पडदा, बसविला. तोही वर्षभरात पांढरा झाला.

असे का व्हावे? पारपटलाच्या काठाशी मूळ पेशी असतात. वरचा थर झिजला की त्या नवा थर पुरवितात. चुन्याने त्याच जळाल्या. बियाणेच जळाल्यावर माती बदलून पीक कसे येणार?

हे बियाणे आता वाढविता येते. स्टॅन्ली कोहेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदराच्या लाळग्रंथीतील एक द्रव्य नवजात पिलांना टोचले, तेव्हा सुमारे चौदाव्या दिवशी उघडणारे डोळे सातव्या दिवशीच उघडले. 1962 साली प्रसिद्ध झालेला हाच तो त्वचापेशींचा वृद्धिघटक. त्याबद्दल कोहेनना 1986 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पारपटलाच्या वरच्या थरातील पेशी बशीत वाढविताना हा घटक घातला की त्या जोमाने विभागतात. मात्र प्रत्येक वृद्धिघटक उपकारकच असतो असे नव्हे. दुसरा एक घटक पारपटलाच्या आतील पेशींना व्रण धरणाऱ्या पेशींचे रूप देतो, आणि पडदा धूसर होतो.

1997 साली इटलीतील पेलेग्रिनी व सहकाऱ्यांनी दोन रुग्णांच्या चांगल्या डोळ्याच्या काठावरील पेशी वाढवून जळालेल्या डोळ्यावर बसविल्याचे प्रसिद्ध केले. पुढे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतही हे होऊ लागले. तेथे बिछाना म्हणून प्रसूतीनंतर वारेबरोबर पडणारे पातळ गर्भावरण वापरतात; त्यातही वृद्धिघटक असतात. 2012 साली डॉ. सांगवान व सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेवाचून, काठाचे बारीक तुकडे थेट डोळ्यावरच रुजविण्याची रीत प्रसिद्ध केली.

आमचा तो विद्यार्थी आता चाळिशी ओलांडून गेला आहे. गेल्या दिवाळीत त्यास हे सांगितले, तेव्हा त्याने विचारले, “गुरुजी, चांगल्या डोळ्याला धक्का तर लागणार नाही ना?” उत्तर डॉक्टरांनीच द्यावयाचे. येत्या महिन्यात तो हैदराबादेस जाणार आहे. आम्हीही सोबत जात आहोत.