सहलीचे पैसे कोणी भरायचे?



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने आधी आभार मानावेत आणि मग मराठीच्या भवितव्याची काळजी वाहावी, असा रिवाज आहे. आभार मानले. काळजी माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथास्थित वाहिली आहे, त्यामुळे तो भाग सोडतो. मला भांडण काढायचं आहे, आणि तेही याच मांडवातल्या माणसांशी.

सकाळी कविसंमेलन झालं. पाऊस आला, रानफुलं आली, तारप्याच्या सुरावर नाचणारा वारली आला. जव्हारचा दाभोसा धबधबा तर दोनदा कोसळला. पण जिथे हे संमेलन भरलंय त्या बोईसरचा नाला एकाही कवितेत वाहिला नाही. नवापूरच्या समुद्रात कारखान्यांचं सांडपाणी जातं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही वासावरून कळतं. कवींना तेवढी सर्दी झालेली दिसते.

2018 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात बोईसरजवळचं आपलं तारापूर 93.69 गुण घेऊन पहिलं आलं. देशात पहिलं! दहावीला एखाद्या पोराला एवढे गुण पडले तर आपण चौकात फलक लावतो. त्याआधीच, 2016 मध्ये, अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेचे लोक हरित लवादाच्या दारात गेले होते. ते मच्छीमार होते, पर्यावरणतज्ज्ञ नव्हते. जाळ्यात मासळी येईनाशी झाली, म्हणून वकील शोधायला निघालेली माणसं ती. जानेवारी 2022 मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांना कोट्यवधींची भरपाई भरायला सांगितली. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ते चालू द्या. मला विचारायचंय ते वेगळंच.

हे पाणी, ही हवा, हा किनारा आपल्या मुलांना कोण दाखवतं?

बोईसरच्या अवधनगर, भैयापाड्यातल्या खोल्यांमध्ये राहणारी मुलं घ्या. बाप पाळीवर, आई कुणाच्या घरी धुण्याभांड्याला. कुणी खानदेशातून आलेलं, कुणी मराठवाड्यातून, कुणी थेट उत्तर प्रदेशातून. समुद्र दहा किलोमीटरच्या आत आहे, पण ओहोटीला खडकावर उभं राहून कालवं, खेकडे पाहिलेली मुलं वर्गात किती निघतील? शाळेची सहल निघते ती वॉटरपार्कला, आणि ज्याचा बाप पैसे भरील त्याचीच. ज्याला परवडत नाही तो त्या दिवशी "आजारी" असतो. शिक्षक मंडळी माना डोलावतायत. त्यांना हा आजार चांगला ठाऊक आहे.

कायद्यात काही कमी नाही हो. 22 नोव्हेंबर 1991 ला सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सांगून टाकलं की शाळा-कॉलेजांत पर्यावरण सक्तीने शिकवा. आपण शिकवतोही! तिसरीपासून परिसर अभ्यास, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा. विषय आहे, गुण आहेत, प्रकल्पवही आहे, आणि स्टेशनजवळच्या दुकानात ती प्रकल्पवही आयती लिहूनही मिळते. परिसर अभ्यासातून परिसर तेवढा वगळला, की बाकी सगळं व्यवस्थित चालू आहे.

आणि पैसे? 2001 मध्ये केंद्राने राष्ट्रीय हरित सेना काढली. शाळाशाळांत इको क्लब झाले. एका शाळेला वर्षाला अडीच हजार रुपये मिळत, पुढे वाढवून पाच हजार. तीनशे मुलांच्या शाळेत डोक्यामागे सतरा रुपयेसुद्धा होत नाहीत. क्लबात पन्नासच मुलं धरली तर शंभर रुपये, तेही अख्ख्या वर्षासाठी. यात बस करायची, खाऊ द्यायचा, माहीतगार माणसाला मानधन द्यायचं आणि आशेरीगड चढायचा. सेना म्हणायचं आणि चण्याफुटाण्यावर लढायला पाठवायचं! मग मुख्याध्यापक बिचारे काय करतात? पाच जूनला रोप आणतात, फोटो काढतात, वर पाठवतात. पुढच्या वर्षी तोच खड्डा कामी येतो.

नवीन शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले. सुंदर कल्पना. दप्तर घरी ठेवायला पैसे लागत नाहीत. पण त्या दहा दिवसांत मुलांना कुठेतरी न्यायचं तर गाडी लागते आणि गाडीला डिझेल. ते कोणत्या लेखाशीर्षातून टाकायचं, हे शाळेने कोणाला विचारायचं?

आता कोणी म्हणेल, मुलांना बाहेर नेऊन शिकवायचं हे परदेशी खूळ अध्यक्षमहाराज घेऊन आले. मी फार लांब जात नाही, डहाणू तालुक्यापर्यंत चला. 1945 साली ताराबाई मोडक बालशिक्षणाचं काम घेऊन बोर्डीला आल्या, सोबतीला अनुताई वाघ.  पुढे ताराबाई-अनुताईंचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शाळा काढली, पण वारल्यांची मुलं येईनात. का? ती गुरं राखायला जात. आजचं शिक्षण खातं असतं तर या मुलांची "शाळाबाह्य" म्हणून नोंद केली असती आणि अहवाल मंत्रालयात पाठवला असता. या बायांनी शाळाच उचलली आणि कुरणात नेली. कुरणशाळा! गुरं चरतायत, पोरं शिकतायत, पानं, बिया, दगड, किडे हेच साहित्य. महागडी माँटेसरी साधनं परवडणार नाहीत, हे ओळखून त्यांनी ती आजूबाजूच्या रानातून उभी केली. लहानग्यांसाठी पाड्यावरच्या अंगणात अंगणवाडी भरवली. अंगणवाडीची कल्पना पुढे देशभर गेली, कुरणशाळा मात्र आज उरली आहे ती भाषणांत.

आपण काय उचललं? ताराबाईंचा पद्मभूषण, अनुताईंची पद्मश्री, त्यांच्या तसबिरी. त्यांनी शाळा मुलाकडे नेली. आपण मुलाला उचलून आश्रमशाळेत आणलं आणि भोवती कुंपण घातलं. पावसाळा सुरू होताना जो पोरगा आजीबरोबर शेवळं, कोळीभाजी अशा रानभाज्या शोधायला रानात जायचा, तो आता जूनमध्ये वसतिगृहाच्या जाळीतून डोंगर बघतो. शेवळं कुठल्या पावसाला उगवतात, काकडाबरोबर शिजवली नाहीत तर घसा कसा धरतात, हे त्याला आता कोण सांगणार? आणि मोखाड्याच्या कुपोषणावर आपण परिसंवाद घेतो.

"आदिवासी पोरांना जंगल काय शिकवायचं? ती जंगलातच जन्मलेली." हा प्रश्न मी सरकारी बैठकांत ऐकला आहे आणि साहित्यिकांच्या मैफलीतही. विचारणाऱ्याला आपण फार उदार बोलतोय असं वाटत असतं. मी उलट विचारतो: तुमची मुलं मराठी घरात जन्मली, मग त्यांना मराठीचा तास कशाला ठेवता? वारली आजीला पन्नास रानभाज्या ठाऊक असतील तर तिला शाळेत बोलवा, वर्गाला तिच्यामागे रानात पाठवा आणि तिला त्या दिवसाचं मानधन द्या. पाहुण्या व्याख्यात्याला पाकीट देता ना? मुरब्याच्या किंवा सातपाटीच्या मांगेला काकांना द्या. 2023 मध्ये सरकारने पापलेट हा राज्यमासा ठरवला. तो लहान असतानाच का पकडला जातो, जाळ्याच्या आसाचा त्याच्याशी काय संबंध, हे ते होडीच्या काठावर बसून समजावतील.

आणि तारापूरच्या भोवतालच्या मुलांना फुलपाखरांच्याही आधी वारा शिकवा. 11 जानेवारी 2020 ला इथल्या एका कारखान्यात स्फोट झाला, आठ माणसं गेली. वायू सुटला तर वारा कुठून कुठे वाहतोय ते बघायचं आणि त्याला आडवं पळायचं, हे इथल्या दहा वर्षांच्या पोराला यायला हवं. ते मैदानात उभं राहून, धूळ उडवून शिकायचं असतं, वहीत उतरवून येत नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे पैशाचं. आजचे प्रायोजक पहिल्या रांगेत आहेत, त्यांनी रागावू नये. रागावले तरी चहा त्यांचाच आहे, तो मी घेतला आहे. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावले. त्यातून टोप्या येतात, टी-शर्ट येतात, शाळेच्या भिंतीवर कंपनीचं नाव येतं. एखादी चांगली प्रयोगशाळाही येते, नाही म्हणत नाही. पण ज्या मुलाने उद्या नाल्याचं पाणी बाटलीत भरून विचारायचं आहे की हे लाल कसं झालं, त्याच्या डोक्यावरची टोपी त्या नाल्याच्या उगमाकडून आलेली नसावी. एवढं साधं आहे. कारखान्याने कर भरावा, दंड झाला तर दंड भरावा, आणि मुलाला बाहेर नेण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून, हक्काने व्हावा.

तिजोरी रिकामी आहे म्हणता? आदिवासी घटक कार्यक्रमाचा 5 टक्के निधी 2015 पासून पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागातल्या, ग्रामपंचायतींना थेट मिळतो. कुठे खर्चायचा ते ग्रामसभेने ठरवायचं. त्यात शिक्षणही बसतं, वनसंवर्धनही बसतं. तरी पेव्हर ब्लॉकच का बसतात? आपल्या पालघर जिल्ह्यात सहा तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत, पालघर आणि वसई अंशतः. जिल्हा नियोजन समिती आहे. आपल्याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदरासाठी 76 हजार कोटींच्या वर आकडा जातो, तेव्हा कोणी म्हणत नाही की पैसे कुठून आणायचे.

आता एक लांबचंही उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात 2016 साली लोकांनी मतदान करून ठरवलं की राज्याच्या लॉटरीच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा पाचवी-सहावीच्या मुलांच्या निसर्गशिबिरांना द्यायचा. वर्षाला 2 कोटी 20 लाख डॉलरपर्यंत. मूल गरिबाचं असो की श्रीमंताचं, त्याला शिबिराची संधी. लॉटरी आपलं राज्यही 1969 पासून चालवतंय. सोडत निघते, पण या मुलांचा नंबर त्यात कधी लागत नाही.

खरं सांगू? पैसे नाहीत म्हणून हे होत नाही, असं मी मानत नाही. कारण वेगळंच आहे. 19 जानेवारी 2024 ला वाढवण बंदराची जनसुनावणी झाली. समोर जाडजूड अहवाल ठेवला जातो आणि लोकांना म्हणतात, हरकत सांगा. शाळेत असताना ज्याने वाढवण-वरोरच्या खडकांवर ओहोटीला जिवांची मोजणी केली असेल, तो पोरगा वीस वर्षांनी अशा सुनावणीत उभा राहील आणि पान नंबर सांगून विचारेल की हा आकडा कुठून आणला. तो बंदराच्या बाजूनेही बोलेल कदाचित. त्याचा तो अधिकार आहे. पण त्याला हातोहात गुंडाळता येणार नाही. असं पोर घडवायला इतके चिमूटभर पैसेच का मिळतात, ते तुम्हीच ओळखा.

म्हणून आजच्या ठरावांत मी एक भर घालतो. सीमाप्रश्न आणि मराठी शाळांचे ठराव आहेतच, ते होतील. माझा ठराव असा: पालघर जिल्हा नियोजन समितीने येत्या आराखड्यात जिल्हा परिषद शाळा, आश्रमशाळा आणि अनुदानित शाळांतल्या प्रत्येक मुलासाठी वर्षातून किमान चार दिवसांच्या परिसरभेटींचं स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावं, त्यात गाडी, जेवण, विमा आणि स्थानिक जाणकारांचं मानधन धरावं, ठिकाणं आणि जाणकार ग्रामसभेने सुचवावेत, आणि कोणत्याही कंपनीचं नाव, चिन्ह किंवा टोपी त्यात असू नये.

सूचक मी आहे, अनुमोदक पाहिजे. कवींपैकी कोणी उभं राहिलं तर सकाळचं सगळं माफ. पालकमंत्र्यांचे प्रतिनिधी इथे आहेत, त्यांनी कागद हातात घेऊनच जावं; टपालाने पाठवायची माझी इच्छा नाही. चला, हात वर करा. पहिल्या रांगेतले सुद्धा.