दोघेही शाहू छत्रपतींचेच



चीनमध्ये 1916 साली राष्ट्राध्यक्ष युआन शिकाई वारले
आणि प्रांतोप्रांतीचे सेनापती एकमेकांवर उठले.
छत्तीसगडातल्या आपल्या कुम्हारीच्या मुलखालाही एकाच सत्तेच्या सरदारांतला असा कलह ठाऊक आहे.

1741 साली भास्करपंत कोल्हटकर छत्तीसगडातल्या रतनपूरवर चालून आले.
ते नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सेनानी.
तिथल्या राजा रघुनाथसिंहाने शरणागती पत्करली.

पुढे भोसल्यांची फौज बंगालात शिरली.
1743 साली तिला रोखायला कोण यावे?
खुद्द पेशवे, बाळाजी बाजीराव!
तेही नवाब अलीवर्दीखानाशी हातमिळवणी करून.

भोसले शाहू छत्रपतींचे, पेशवेही शाहू छत्रपतींचेच.
तरी तलवारी एकमेकांवर.
हे मनाला लागतेच.

अखेर शाहूंनी दोघांना मुलूख वाटून दिले.
बंगालची मोहीम भोसल्यांकडे राहिली.

1758 पासून रघुजींचे पुत्र बिंबाजी रतनपुरातून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले.
तिथल्या टेकडीवरचे राममंदिर त्यांनीच बांधले.
रतनपूरला गेलात, तर ते जरूर पाहा.